काजळी काय सांगते?

मराठीत 'चिमणी' या शब्दाने बरेच संसार थाटले आहेत. पहिली चिमणी पंखांची, तिचं सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी घासलेटची. पत्र्याच्या डबीच्या झाकणाला भोक पाडून त्यात वात ओवली की झाली चिमणी. तिला काच नसे. वाऱ्याची झुळूक आली की ती मान टाकी आणि जवळ बसून अभ्यास करणाऱ्याच्या नाकपुड्या सकाळपर्यंत काळ्या करून ठेवी. तिसरी चिमणी गिरणीची, लालबाग-परळच्या आभाळात ताठ उभी राहणारी. आणि चौथी आजची. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत कुठल्याही नव्या ब्लॉकमध्ये जा, ओट्याच्या वर भिंतीला ती टांगलेली दिसेल. तिचे हप्ते भरावे लागतात आणि तिच्यातलं तेलकट कीट काढायला माणूस बोलवावा लागतो.

पंखांची चिमणी सोडली, तर बाकी तिघींचं गोत्र एकच. विस्तव, धूर आणि काजळी. माणसाने विस्तव घरात आणला तेव्हाच काजळी त्याच्या मागोमाग उंबरठा ओलांडून आत आली. माणसाला ऊब हवी होती, धूर नको होता. उजेड हवा होता, भडका नको होता. या हव्या-नकोच्या मध्ये त्याने काच उभी केली. कंदिलाची काच, परदेशातल्या घरांत शेकोटीच्या तोंडाशी बसवलेलं काचेचं दार, आपल्या ओट्यावरची काचेची शेगडी ही सगळी त्याच काचेची रूपं. ती काच पुसायची कशी आणि पुसताना पाहायचं काय, एवढाच आजचा विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. पण त्यात घरातल्या माणसांच्या जिवाचाही संबंध येतो, तो कसा ते पुढे येईलच.

माझं बालपण सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात गेलं. कोयनेच्या पाण्यावर १९६२ साली वीज तयार होऊ लागली आणि ती डोंगर ओलांडून मुंबईकडे निघाली. आमच्या शिवारातून ते उंच मनोरे गेले, तारा गेल्या. गावात मात्र दिवा लागायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. जाणारी वीज आम्ही खालून पाहत असू आणि संध्याकाळी घरी येऊन कंदिलाची काच पुसत असू. यात तक्रारीचा सूर नाही. त्या वेळी कुणाला ती तक्रारीची बाब वाटतही नव्हती.

काच पुसणं हे मुलांचं काम. त्याला कारण होतं. काचेच्या तोंडातून मोठ्या माणसाचा हात आत जात नसे, मुलांचा जाई. दिवस कलला की कंदील ओसरीवर रांगेने मांडले जात. खटका दाबून काच उचलायची, बाहेर काढायची आणि मांडीवर घेऊन बसायचं. चुलीतली राख आई पातळ फडक्यातून गाळून एका डबीत ठेवत असे. त्यातली चिमूटभर मऊ सुती चिंधीवर घ्यायची आणि काच आतून फिरवत पुसायची. मग दुसऱ्या कोरड्या चिंधीने राख टिपून घ्यायची. शेवटी काचेवर तोंडाची वाफ सोडून एकदा स्वच्छ हात फिरवायचा. काच डोळ्यांसमोर धरून पलीकडची तुळस स्पष्ट दिसली की काम झालं.

आईचे तीन नियम होते आणि त्यांना अपवाद नव्हता. गरम काचेला ओला हात लावायचा नाही. काच पाण्याने धुतलीच, तर पुरती कोरडी झाल्याशिवाय चढवायची नाही. आणि कंदील लावल्यावर वात आधी बारीक ठेवायची, काच ऊन झाली की मगच वर करायची. यातला एक जरी मोडला तरी 'टच्' असा आवाज होई आणि काचेवर वरपासून खालपर्यंत तडा जाई. दुसऱ्या दिवशी बाजार नसला, तर त्या तड्यावर कागदाची पट्टी चिकटवून दिवस काढावे लागत. कंदिलाची नवी काच हा महिन्याच्या खर्चातला वेगळा आकडा होता.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी रात्री आम्ही घराबाहेर, मांडवात काढल्या. थंडी मी म्हणत होती. मांडवाच्या मेढीला एक कंदील रात्रभर बारीक करून टांगलेला असे, आणि जमीन पुन्हा जराशी हलली की मोठी माणसं आधी मुलांकडे आणि मग त्या कंदिलाकडे पाहत. मांडव गवताचा होता. त्या काचेच्या आत विस्तव होता आणि काचेच्या बाहेर आम्ही सगळे होतो, हे मला त्या रात्रींनी शिकवलं. काच ही नुसती उजेडासाठी नसते.

आमचे कंदील 'प्रभाकर' होते. त्या काळी महाराष्ट्रात बहुतेक घरांतले असत. त्यांचा कारखाना आमच्यापासून फार लांब नव्हता. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने ओगले बंधूंनी १९१६ साली कऱ्हाडजवळ माळरानावर काच कारखाना काढला, आणि त्या माळाचं नावच ओगलेवाडी पडलं. कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन आहे ते या ओगलेवाडीलाच. त्याच्या काही वर्षं आधी, १९१० साली, त्याच संस्थानात किर्लोस्करवाडी वसली होती. आणि त्याही आधी, १९०८च्या सुमारास, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता.

मी उभी नोकरी बँकेत काढली. भांडवल कसं उभं राहतं आणि कसं बुडतं, हे टेबलाच्या या बाजूने पाहिलं. तरीही पैसा फंडाचा विचार मनात आला की आजही थबकायला होतं. एक पैशाचे भागधारक, आणि त्यातून काय काढायचं ठरलं? तर काच. परदेशी मालाला पर्याय हवा होता, आणि दिव्याची काच ही प्रत्येक घरात लागणारी, फुटणारी आणि पुन्हा विकत घ्यावी लागणारी वस्तू होती. हा हिशेब भाबडा नव्हता. पुढे वीज खेडोपाडी पोचली, कंदील माळ्यावर गेले आणि ओगलेवाडीच्या भट्ट्याही थंडावल्या. तो कारखाना बंद होऊनही आता बराच काळ लोटला. पण जुन्या घरांच्या माळ्यावर अजून एखादा प्रभाकर सापडतो, आणि आश्चर्य म्हणजे तो बहुधा लागतो.

आता त्या राखेकडे येऊ. आपल्या आज्यांना राखेवर इतका विश्वास का होता? लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे आणि कॅल्शियमचे क्षार असतात. पाणी लागलं की राख अल्कधर्मी होते, म्हणजे साबणाच्या जातीची. धुरातला चिकट, डांबरासारखा अंश ती सैल करते. आणि तिचा कण इतका बारीक असतो की नीट गाळली, तर काचेवर ओरखडा न उठवता घासण्याचंही काम करते. म्हणजे साबण आणि घासणी एकाच चिमटीत. गंमत अशी, की युरोपात मध्ययुगात जंगलांमधल्या भट्ट्यांत काच बनवत, ती वाळू आणि हीच लाकडाची राख एकत्र वितळवून. वाळू एकटी वितळवायची तर सतराशे अंशांच्या वर उष्णता लागते. राख मिसळली की ती पुष्कळ कमी उष्णतेवर वितळते. ज्या राखेतून काच जन्माला येते, त्याच राखेने ती पुसली जाते.

आणि काजळी? ती म्हणजे न जळलेला कोळसा. मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञाने १८६०च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. ती पुढे पुस्तकरूपाने जगभर गेली. त्यात त्याने दाखवून दिलं, की ज्योतीचा पिवळा उजेड म्हणजे तिच्यातले तापून झळकणारे कोळशाचे सूक्ष्म कण. पुरेशी हवा मिळाली की हे कण ज्योतीच्या टोकापर्यंत जळून जातात. हवा कमी पडली, वात फार वर केली किंवा वाकडी कातरली, की ते न जळताच निसटतात आणि काचेवर जाऊन बसतात.

ऐंशीच्या दशकात माझी बदली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत झाली होती. पावसाळ्यात वीज तिथे पाहुण्यासारखी येई. संध्याकाळी कॅश जुळवायची ती कंदिलावर. आमचे शिपाईमामा तो कंदील सांभाळत. वात कातरताना ते दोन्ही कोपरे किंचित गोल करत, म्हणजे ज्योतीला शिंगं फुटत नाहीत. एकदा काच काळी झाली तेव्हा मी म्हणालो, "मामा, तेल फार जळतंय वाटतं." मामा म्हणाले, "न्हाय साहेब, जळत न्हाय म्हणून तर काळं होतंय. जळलं असतं तर उजेड झाला असता." बँकेच्या भाषेत सांगायचं तर काजळी म्हणजे थकीत कर्ज. पैसे आपण मोजलेले असतात, परतफेड काही नाही, आणि वर डाग आपल्याच काचेवर. नुसती काच पुसून हे खातं मिटत नाही. वात का बिघडली, ते पाहावं लागतं.

काचेला तडा का जातो, तेही आईच्या नियमांत दडलेलं होतं. काच उष्णता हळूहळू पुढे नेते. आतला पृष्ठभाग तापून प्रसरण पावतो, बाहेरचा अजून थंड असतो. किंवा तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडतो आणि तेवढीच जागा एकदम आकसते. ही ओढाताण सोसली नाही की ती तडकते.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन रेल्वेला हाच प्रश्न पडला होता. सिग्नलच्या तापलेल्या कंदिलावर पावसाचे थेंब किंवा हिम पडलं की काच फुटे, आणि सिग्नल विझणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. तिथल्या कॉर्निंग कंपनीने काचेत बोरॉन घालून कमी प्रसरण पावणारी काच तयार केली. जर्मनीत ऑटो शॉट याने या जातीची काच आधीच बनवली होती. साध्या काचेच्या मानाने ती जवळजवळ एक तृतीयांशच प्रसरण पावते. १९१३ साली कॉर्निंगमधल्या जेसी लिटलटन या शास्त्रज्ञाने अशा काचेच्या बरणीचा बूड कापून घरी नेला आणि त्याच्या पत्नीने, बेसी लिटलटन यांनी, त्यात केक भाजून दाखवला. भांडं तडकलं नाही, केकही उत्तम झाला. १९१५ साली हीच काच 'पायरेक्स' नावाने स्वयंपाकघरात आली. रेल्वेच्या कंदिलाची काच अशी ओव्हनपर्यंत पोचली.

या कहाणीचं एक टोक आपल्या अंधेरीत आहे. याच कॉर्निंगच्या सहकार्याने १९६२ साली आपल्याकडे 'बोरोसिल' सुरू झाली आणि तिचा कारखाना अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये होता. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रावर, परीक्षानळीवर ते नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. पुढे उपनगरातल्या अनेक कारखान्यांचं जे झालं तेच त्याचंही झालं. भट्टी गेली, जमीन विकली गेली, तिथे उंच इमारती आल्या. त्या इमारतींमधल्या स्वयंपाकघरांत बोरोसिलची भांडी असतील, पण ती बनायची ती जागा आपल्या पायाखाली होती, हे तिथल्या किती रहिवाशांना माहीत असेल?

महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांमध्ये साहेबाच्या वेळची भिंतीतली शेकोटी अजून पाहायला मिळते. मुंबईकराला तिची गरज कधीच नव्हती. पण आज मुंबईच्या उपनगरांतलं कुठलं घर असं आहे, की ज्यातलं कुणी परदेशी नाही? आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एक आजी एका हिवाळ्यात शिकागोजवळ मुलाकडे राहून आल्या. मुलाच्या घरात शेकोटी होती, तिला काचेचं दार होतं, आणि ते दार इतकं काळं झालं होतं की आतला जाळ दिसत नव्हता. मुलाने दुकानातून फवारा आणला होता, नाकाला झोंबणारा.

आजी म्हणाल्या, "अरे, ते औषध राहू दे. जुनं वर्तमानपत्र आहे का घरात?"

"आई, इथे वर्तमानपत्र कोण घेतं आता?"

"मग कागदी रुमाल दे. आणि त्यातली थोडी राख काढून दे मला."

शेकोटी रात्रभर थंड होऊ दिली होती. आजींनी कागद ओला करून पिळला, पांढुरक्या मऊ राखेत टेकवला आणि काच गोल गोल पुसली. काळं पाणी उतरलं, ते दुसऱ्या ओल्या कागदाने टिपलं, मग कोरड्याने. अर्ध्या तासात पलीकडचं लाकूडन्‌लाकूड दिसू लागलं. मुलगा थक्क झाला. आजींना त्यात विशेष काही वाटलं नाही. कोकणातल्या त्यांच्या माहेरी त्या रोज सहा कंदील पुसत. खरं तर लाकडाची शेकोटी वापरणारे लोक तिकडेही पिढ्यान्‌पिढ्या हीच युक्ती करत आले आहेत. दोन टोकांच्या दोन गृहिणींना एकमेकींना न विचारता तेच उत्तर सापडलं होतं.

ज्यांची मुलं-सुना थंड देशात आहेत, त्यांनी एवढं कळवायला हरकत नाही. काच पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही. राखेत खडा किंवा कोळशाचा तुकडा नको, नाहीतर ओरखडे उठतात. काचेवरचा थर साचू द्यायचा नाही. फार दिवस राहिला की तो काचेला धरतो आणि मग निघत नाही. तारेची घासणी आणि ब्लेड वर्ज्य. शेकोटी लाकडाची नसून गॅसची असेल, तर तिच्या काचेवर पांढुरका थर येतो. त्याला राख नव्हे, तर त्या काचेसाठी मिळणारा खास क्लीनरच वापरावा आणि त्यात अमोनिया नसावा. आणि मुख्य म्हणजे, पुसल्यावर दोन दिवसांत काच पुन्हा काळी झाली, तर काचेला दोष देऊ नये. लाकूड ओलं असेल, किंवा हवेची खिडकी फार बंद ठेवून जाळ कोंडला जात असेल. शिपाईमामांचं वाक्य शिकागोलाही लागू पडतं.

आता आपल्या ओट्याकडे वळू. काचेची शेगडी दिसायला देखणी, पुसायला सोपी, आणि म्हणून घरोघर आली. तिची काच वेगळ्या जातीची असते. ती सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. त्यामुळे पृष्ठभाग आवळलेला राहतो आणि काच साध्या काचेच्या चौपट मजबूत होते. पण ती फुटली की तडा जाऊन थांबत नाही; एका क्षणात तिचे असंख्य तुकडे होतात. बातम्यांत 'शेगडीचा स्फोट' म्हणून येतं त्यातलं काही वेळा नुसतं हेच असतं. काही वेळा मात्र आत गळलेला गॅस पेटलेला असतो, आणि ते फार गंभीर.

या काचेला जपणं अवघड नाही. नियम आईचेच आहेत, फक्त ओट्यावर आणलेले. स्वयंपाक झाल्याबरोबर ओलं फडकं फिरवण्याची घाई करू नये. पोळ्या झाल्या, की काच निवू द्यावी. शेगडीपेक्षा मोठं पातेलं किंवा दोन बर्नरवर मिळून एक भला मोठा तवा ठेवू नये. त्याची धग खाली काचेवर परतते. वजनदार कुकर आपटू नये, विशेषतः कडेला. या काचेचं मर्मस्थान तिची कड असते. तारेची घासणी नको. दूध उतू गेलं तर कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ फडकं पुरे. काचेला बारीकसा टवका उडालेला दिसला, तर 'चालतंय तोवर चालू दे' म्हणू नये.

पण याहून महत्त्वाची गोष्ट काचेच्या वर असते. ज्योत. गॅसची ज्योत निळी हवी. मीठ किंवा धुळीचा कण पडून क्षणभर नारिंगी ठिणगी दिसली तर काळजी नाही. ज्योत सतत पिवळी आणि लांबट दिसत असेल, पातेल्यांचे बूड काळे होत असतील, तर ती काजळी आहे आणि ती काहीतरी सांगते आहे. बर्नरची भोकं उतू गेलेल्या दुधाने, डाळीने बुजली असतील. बर्नर गार झाल्यावर काढून गरम पाण्यात धुवावा, भोकं ब्रशने मोकळी करावी, पुरता कोरडा करून नीट खाचेत बसवावा. उपनगरांत आता बऱ्याच इमारतींत पाइपचा गॅस आला आहे. सिलिंडरचा गॅस आणि पाइपचा गॅस वेगळे आहेत. शेगडीतले जेट त्याप्रमाणे बदलून घ्यावे लागतात. ते काम जाणकाराचंच. सिलिंडरची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावरची तारीख आजच पाहून घ्या. सिलिंडरचा गॅस गळाल्याचा वास आला तर विजेचं बटण लावू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा. पाइपच्या गॅसची कळ बंद करून आपल्या बिलावरच्या तातडीच्या क्रमांकावर करावा.

आणि आता ती जिवाची गोष्ट. काजळी ही अपुऱ्या जळण्याची दिसणारी खूण. तिचं एक न दिसणारं भावंड आहे, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस उठत नाही. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू राहून तरुण, धडधाकट माणसं गेल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आपल्याच उपनगरांतून आल्या आहेत. त्या घरांमध्ये कुणी निष्काळजी होतं असं नाही. तिथे काच नव्हती, काजळी नव्हती. पुसताना 'आज हे काळं का?' असा प्रश्न पडेल अशी कुठलीच जागा नव्हती.

कंदिलाच्या काचेचा मोठा गुण हाच, की ती लपवत नसे. बिघाड रात्री झाला तर दुसऱ्या दिवशी मांडीवर घेऊन बसणाऱ्या पोरालाही तो दिसे. आताची यंत्रं सोयीची आहेत, पण ती आपली काजळी आपल्यापासून दूर, भिंतीआड नेतात. म्हणून गॅसचा गीझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा, त्याचा धूर बाहेर जायला नळी असावी, वर्षातून एकदा त्याच्या बर्नरची सफाई करून घ्यावी, आणि बसवण्याची जागा बाहेर नसेल तर विजेचा गीझर लावावा. खिडकीला डास येतात म्हणून काच लावून, वर टेप चिकटवून झोपणाऱ्यांनी एकदा विचार करावा. चक्कर आलेल्या माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावं, मग बाकीचं.

आमच्या लहानपणी काच पुसणारे हात लहान मुलांचे आणि बायकांचे होते. पुरुष उजेडात बसून वाचत, हिशेब करत, पत्ते खेळत. तो उजेड संध्याकाळी कुणी घासूनपुसून ठेवला, याची नोंद कुठल्या वहीत नसे. आज काच ओट्यावर आली तरी फडकं बहुतेक घरांत त्याच हातांत आहे, किंवा त्या हातांनी ठेवलेल्या मावशींच्या हातांत. एक मागणं आहे, तेही घरातल्या पुरुषांकडे. आज रविवार आहे. जेवणं झाल्यावर शेगडी निवू द्या, बर्नर काढा, नळीवरची तारीख वाचा, मग फडकं घेऊन काच स्वतः पुसा. आणि संध्याकाळच्या चहाला गॅस पेटवाल, तेव्हा मिनिटभर उभं राहून ज्योत कुठल्या रंगाची आहे, ते पाहा.